हात उचलायचा नाही

नियम मीच वाचून दाखवले. स्टोअरच्या खोलीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर ताई पाय हलवत बसली होती. दुसरीवर मी, मांडीवर कागद घेऊन, ओळीखाली बोट धरून. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. तिला वाचता येत नाही आणि मला चौथीपर्यंतचं येतं, म्हणून बोलणं तिचं आणि वाचन माझं, असं आम्ही घरून ठरवून निघालो होतो. हॉस्पिटलला शहाळी पुरवायची तर हे नियम मान्य करावे लागणार होते.

माल मागच्या दरवाजानेच आणायचा. आवारात असेपर्यंत बिल्ला गळ्यात पाहिजे. बिल्ला लावून वॉर्डात जायचं नाही, आपलं माणूस तिथे असलं तरी नाही. आत पाहिलेल्या पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नाही. कोणत्याही कर्मचाऱ्याला भेटवस्तू द्यायची नाही.

ताईने स्टोअरच्या मॅडमसाठी आमच्या वाडीतली केळी आणली होती. तिने पिशवी पायानेच खुर्चीखाली सरकवली.

"केळं म्हंजे काय वस्तू हाय काय, मॅडम?"

"वस्तूच आहे, ताई. परत न्या."

"बरं. पुढचं वाच गं."

पुढचं होतं, धारदार हत्यार आवारात आणायचं नाही. कोयता टेम्पोत होता, तरी ताईचा हात कमरेला गेला. "मंग शहाळं काय दातांनी फोडायचं?"

मॅडम हसल्या. त्यांनी समजावलं की शहाळ्याचं तोंड घरीच पांढरं दिसेपर्यंत तासायचं, धुवायचं, ओल्या फडक्याखाली झाकून आणायचं. आत स्वयंपाकघरात स्टीलच्या नळीने भोक पाडतात. ताईला ते पटलं नाही. शहाळं माणसाच्या डोळ्यांसमोर फोडलं तरच त्याला पाण्याचा भरवसा येतो, असं ती म्हणाली. पण मान तिने हलवली.

शेवटचा नियम लांब होता. मी दोनदा अडखळले. पुरवठ्याच्या कामावर असताना, आवारात किंवा आवाराजवळ, कोणावरही हात उचलला किंवा शिवीगाळ केली तर नोंदणी रद्द होईल. भांडण कोणी सुरू केलं ते पाहिलं जाणार नाही. एका शाखेतून नाव गेलं की सगळ्या शाखांमधून जाईल.

"शिवी पन नाय?" ताईने विचारलं.

"नाही."

"एक पन नाय?"

"ताई, एकही नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहत राहिले. मग तिने शाईच्या गादीवर अंगठा दाबला.

त्या नजरेचा अर्थ कळायला आमचं घर माहीत हवं. आम्ही भुईगावचे. समुद्राकडच्या बाजूला नवऱ्याची वाडी आहे, माडांची आणि थोड्या केळींची. लग्न होऊन आले तेव्हापासून मला मार नवा नव्हता. नवरा हाताने मारायचे, पट्ट्याने मारायचे आणि माडावर चढायचा दोर ओला असला की त्यानेही मारायचे. ओला दोर जास्त लागतो. ताई तिचं सासर सोडून माहेरी आली ती सासऱ्याच्या डोक्यात पाट घालून. इथे आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात आपल्या भावाच्या पाठीत कोयत्याची बोथट बाजू हाणली. ते विहिरीच्या कठड्यावर आपटले आणि ती म्हणाली, "पुढच्या टायमाला कोयता फिरवून धरीन."

त्यानंतर ती घरात असेपर्यंत त्यांचा हात खिशात असायचा. ती वालीवला डब्यांच्या कारखान्यात कामाला जायची तेवढा वेळ मात्र माझा नसायचा, तेव्हा मार पडायचाच. मग तिने तिथल्या सुपरवायझरला थोबाडलं, काम गेलं, ती घरी बसली आणि माझा मार थांबला. मी तिचे आभार कधी मानले नाहीत. मला असं बोलायला जमत नाही. तिच्या ताटात मी मासा मोठा वाढायचे.

पुढे नवरा विहिरीजवळच्या माडावरून पडले. पोतं आपटावं तसा आवाज आला, त्यांचा स्वतःचा आवाज मात्र आलाच नाही. याच हॉस्पिटलच्या चंदनसारच्या शाखेत ते कितीतरी दिवस होते. कमरेखालचं परत आलं नाही. मी घरून शहाळी न्यायचे, शेजारच्या खाटेवरचे मागायचे आणि एक सिस्टर म्हणाली, नीट नोंदणी करून पुरवठाच का करत नाही तुम्ही? ताईने तीनचाकी टेम्पो चालवायला शिकून घेतलं, माडांवर चढायला गडी ठेवला आणि आम्ही स्टोअरच्या त्या खुर्च्यांवर येऊन बसलो. तो बिल्ला मिळाला म्हणून वाडी राहिली. नाहीतर ती विकायची बोलणी नवऱ्याच्या चुलतभावांनी खाटेशी बसून सुरू केली होती. बिल्ला गेला तर ते पुन्हा येऊन बसणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आम्ही आलो आणि फाटकासमोरच्या गाडीवाल्यांचा धंदा पडला. ते दोघे भाऊ होते. मोठ्याच्या डोक्याला कायम लाल रुमाल, धाकटा बारीक आणि हसरा. आधी पेशंटची माणसं त्यांच्याकडून शहाळी न्यायची, आता ती खालच्या स्वयंपाकघरातूनच मिळू लागली. त्यांचं नुकसान झालं, ते खरं होतं. पण त्यांना आमचा शेवटचा नियम कुठून कळला कोण जाणे. बहुतेक वॉचमननेच सांगितला असेल.

पहिल्यांदा नुसतं बोलणं होतं.

"काय मावशी, आज पट्टा बांधला? कोणी पाळली तुम्हाला?"

"दात आहेत का, की ते पण आत जमा केले?"

ताईचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडायचे. ती गाडी मागच्या दरवाजाकडे वळवायची आणि आत शिरल्यावर स्वतःच्या मांडीवर बुक्की मारायची.

मग एका सकाळी मोठा टेम्पोसमोर आडवा झाला आणि धाकट्याने मागून तासलेली शहाळी एकेक करून रस्त्यावर फेकली. तासलेल्या शहाळ्याच्या तोंडाशी जाड साल राहत नाही. ती फुटायची आणि पाणी गटाराकडे वाहायचं. मागून येणारी रिक्षा शहाळ्यांवरून गेली. ताई खाली उतरली. मोठ्याने तिच्यापुढे गाल केला.

"मार ना, मावशी. इथे मार. मार, मग उद्यापासून आपण दोघं शेजारी गाडी लावू."

ताईचा हात वर गेला. मी तिचा पदर धरला. हात तिने खाली घेतला. ती परत गाडीत बसली. त्या दिवशी पेशंटना शहाळी अर्धीच मिळाली आणि मॅडमनी आम्हाला माल कमी का म्हणून विचारलं. ताई म्हणाली, वाटेत सांडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. मी विहिरीजवळ भांडी घासत होते.

"वहिनी, ते आता मारनार. आज नाय तर उद्या. मला मार खाता येत नाय."

मी भांडं घासत राहिले.

"तू कशी खायचीस? मला शिकव."

भांडं हातातच राहिलं. असं कोणी मला कधी विचारलं नव्हतं. मला शरम वाटली, आणि ताई वाट बघत होती, म्हणून मी सांगितलं. हनुवटी खाली घ्यायची. दात घट्ट, जीभ आत. मारणाऱ्याचा हात वर गेला की श्वास सोडून द्यायचा, धरून ठेवायचा नाही, धरला की बरगडीला लागतं. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, त्याला ते उलट बोलल्यासारखं वाटतं. पायांकडे बघायचं. पुढचा फटका कुठून येणार ते पाय आधी सांगतात. पडलं तर कुशीवर पडायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, हात डोक्यावर. ओरडायचं नाही. ओरडलं की वाढतं.

ताई ऐकत होती. "आनि मी तेव्हा वालीवला," ती म्हणाली. "डब्यांना झाकनं लावत."

मग ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. "मार."

"नाही हो, ताई."

"मार म्हनते ना. तालीम नको?"

मी हात पुसले आणि तिच्या गालावर चापट मारली.

"हे काय? माशी बसली होती?"

दुसरी जरा जोरात मारली. तिने लगेच माझं मनगट धरून पिरगाळलं आणि मग स्वतःच सोडलं. "चुकलं. परत." पुन्हा मारली, पुन्हा तिने धरलं. आम्ही दोघी हसायला लागलो. तिला हसू आवरेना, कठड्याला धरून ती खाली बसली. मग डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "आता खरं मार. त्यांच्यासारखं." मी मारलं. माझा तळहात झणझणला. ताईची हनुवटी खाली होती, श्वास बाहेर होता, नजर माझ्या पायांवर होती. तिने हात उचलला नाही.

"बस करा," खिडकीतून आवाज आला.

नवऱ्याची खाट त्या खिडकीशीच असते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी पाहिलं तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात ते झालं. फाटकाच्या अलीकडे टेम्पो बंद पडला. आदल्या दिवशी कोणीतरी वायर अर्धी कापून ठेवली असावी. ताई उतरली तसा मोठा भाऊ गाडीवरच्या छत्रीचा दांडा काढून आला. पहिला फटका खांद्यावर बसला. मी टेम्पोतून उतरले, धाकट्याने मला टेम्पोच्या पत्र्याला दाबून धरलं आणि म्हणाला, "तू बघ फक्त. तू तशीही बोलत नाहीस."

म्हणून मी बघितलं. कोयता ताईपासून हातभर अंतरावर, सीटखाली होता; नियम असला तरी ती तो लपवून बरोबर ठेवायचीच. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दांडा पाठीवर आला, दंडावर आला, मग तोंडावर हात आला. ओठ फुटला. ती खाली गेली ती कुशीवर गेली, गुडघे पोटाशी घेतले, हात डोक्यावर ठेवले. दांडा बोटांवर आला आणि काडी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली नाही. मी शिकवलेलं काहीही ती विसरली नाही. न ओरडणाऱ्या माणसाला मारताना मोठा भाऊच कंटाळला. तो दम खात उभा राहिला, थुंकला आणि गेला.

वॉचमन फाटकात उभा होता. "मावशी, ते लाइनच्या बाहेर झालं," तो मला म्हणाला. "आत झालं असतं तर मी सोडवलं असतं."

हॉस्पिटलमध्येच तिचं बोट बांधलं. स्टोअरच्या मॅडम खाली आल्या. त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं होतं. ताईच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही हात उचलला नाहीत. शिवीसुद्धा दिली नाहीत. फार चांगलं केलंत. तुमचा बिल्ला सुरू राहील, मी वर तसं लिहिते."

"थँक्यू, मॅडम," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तो शब्द तिने याआधी कधी वापरला नव्हता.

बाहेर आलो. मेकॅनिकने वायर जोडून दिली होती. मागची ताडपत्री उडू नये म्हणून मी ती ओढायला हात वर केला. माझ्या शेजारी ताई एकदम खाली वाकली. हनुवटी छातीला, श्वास बाहेर. क्षणभरच. मग ती सरळ झाली आणि किल्ली शोधायला लागली, जणू तीच खाली पडली होती.

त्या दिवसापासून घर शांत झालं. ताई टेम्पो डाव्या कडेने चालवू लागली, मागचे हॉर्न वाजवत पुढे जाऊ देऊ लागली. माडावर चढणाऱ्या गड्याने उशीर केला तरी ती काही बोलायची नाही. फाटकाशी ते भाऊ असायचे. मोठा आता मारत नव्हता. धाकटा फक्त हात वर करायचा, डोकं खाजवल्यासारखा, आणि ताई आपोआप वाकायची. मग ते दोघे हसायचे. पानाच्या टपरीवरचा माणूसही हसायचा. तो त्यांचा रोजचा खेळ झाला.

एका संध्याकाळी चहा गार झाला म्हणून नवऱ्याने कप माझ्या अंगावर फेकला. कान सोलला. ताई त्याच खोलीत तांदूळ निवडत होती. पूर्वी सूप त्यांच्या डोक्यावर गेलं असतं. ती जागेवरच बसून राहिली, हनुवटी खाली, आणि त्यांच्या पायांकडे बघू लागली. ते पाय तर चादरीखाली कधीचे मेलेले होते. ती तरीही त्यांच्याकडेच बघत होती.

कान धुताना मला कळलं की या घरात आता आम्ही दोघी मी झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो फाटकाशी हळू झाला. धाकट्याने हात वर केला. ताई स्टिअरिंगवर वाकली. गाडी गचका खाऊन बंद पडली आणि ते हसले.

मी उतरले. गळ्यातला बिल्ला काढला. मग ताईच्या बाजूला जाऊन तिच्या मानेवरून तिचाही काढला. तिने मला काढू दिला. मी फाटकाशी गेले आणि दोन्ही बिल्ले वॉचमनच्या टेबलावर ठेवले.

"हे काय, मावशी?"

"ठेवा," मी म्हणाले. त्याच्याशी मी बोललेला तो पहिला शब्द.

टेम्पोत मागे न तासलेल्या शहाळ्यांचा एक घोस होता, देठाला धरून उचलता येणारा. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्या भावाच्या कानावर घातला. नवरा माडावरून पडले तेव्हासारखाच आवाज आला. तो त्याच्याच गाडीवर आडवा झाला, गाडी कलंडली, शहाळी रस्ताभर झाली. मी पुन्हा मारलं, खांद्यावर आणि मग जिथे लागेल तिथे. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. धाकट्याने मागून माझे केस धरले आणि तोंड गाडीच्या कडेवर आपटलं. माझा पुढचा दात तिथेच राहिला. तोंडात रक्त आलं, मी ते त्याच्या तोंडावर थुंकले.

तेवढ्यात मला ताईची शिवी ऐकू आली. ती मी लिहीत नाही. लांब होती, त्यात त्यांची आई होती, गाव होतं आणि गाडीसुद्धा होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शिवी निघाली होती. मोडलेलं बोट वर धरून तिने धाकट्याचा हात चावला, तो माझे केस सोडेपर्यंत सोडला नाही. मग पोटात गुडघा घातला. तो बसल्यावर पुन्हा घातला. कोयता सीटखालीच होता. त्याला तिनेही हात लावला नाही, मीही नाही.

टपरीवाल्याने आणि रिक्षावाल्यांनी आम्हाला सोडवलं. चौकीत हवालदाराने चौघांनाही बाकावर बसवलं. मोठ्याच्या कानातून रक्त येत होतं, माझ्या तोंडातून.

"आजी व्हायच्या वयात हे शोभतं का?" हवालदार म्हणाला.

"साहेब, ती बोलत नाय," ताई म्हणाली. "मला विचारा. मी सांगते कोनी कोनाला कसं मारलं." आणि तिने सगळं हातवारे करून सांगितलं. बाकावरचे भाऊ सरकून बसले.

मॅडमनी आम्हाला बोलावलं. या वेळी खुर्च्या नव्हत्या, आम्ही उभ्याच होतो.

"नियम तुम्हीच वाचून दाखवला होता," त्या मला म्हणाल्या. "तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. आणि बिल्ला काढून ठेवला म्हणून काही बदलत नाही, समजलं ना?"

मी मान हलवली. ते मला माहीतच होतं.

"मग काढलात कशाला?"

"दोरी असते," मी म्हणाले. "कोणी मागून ओढली तर गळा आवळतो."

मॅडम माझ्या तोंडाकडे, पडलेल्या दाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागदावर सही केली. सगळ्या शाखांमधून आमचं नाव गेलं.

चुलतभाऊ त्याच आठवड्यात येऊन खाटेशी बसले. रस्त्याकडची केळींची पट्टी द्यावी लागली. माड राहिले. परवा नवऱ्याने कप उचलला, ताई नुसती "हं" म्हणाली आणि त्यांनी तो खाली ठेवला.

आता आम्ही टेम्पो फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे लावतो. पालिकेची गाडी आली की पळावं लागतं. ते भाऊ अलीकडे असतात, मोठ्याला त्या कानाने कमी ऐकू येतं असं म्हणतात. ते आमच्याकडे बघत नाहीत. धंदा पूर्वीइतका नाही. पण पेशंटची माणसं फाटकातून बाहेर येतात, रस्ता ओलांडतात आणि ताईसमोर उभी राहतात. शहाळं त्यांना डोळ्यांसमोर फोडून लागतं, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तिचं ते बोट वाकत नाही, म्हणून कोयता ती चार बोटांनी धरते. काल एका बाईला शहाळं फोडून देताना ताईचा अंबाडा सुटायला आला होता. तिचे दोन्ही हात अडकलेले. मी मागून हात वर केला आणि तिच्या केसांतली पिन घट्ट केली.

ताई कोयता चालवत राहिली. "जरा वर लाव," ती म्हणाली. "मान खाजते."